आजीला झुकझुक गाडी, आईला सामान

मंगळवार, ३

पास आले! पाच!! बाबांच्या बाटल्यांच्या कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून प्रत्येक कामगाराच्या घरी मनोरंजन उद्यानाचे पास. पंधरा तारीख, रविवार. दिवसभर हव्या त्या राइडमध्ये हव्या तितक्या वेळा बसायचं.

बाबांनी पास पत्त्यांसारखे पिसले आणि माझ्यापुढे सरकवले. "घ्या बाईसाहेब. कोणी कशात बसायचं ते तुम्ही ठरवा. घरात पदवीधर एकच आहे."

चेष्टाच होती. पण मी मनावर घेतली. मागे एकदा असेच सगळे फिरायला गेलो तेव्हा "तुला काय हवं?" "तुम्ही म्हणाल ते" यातच दुपार झाली होती, भिंगरी रडली आणि आजी बाबांवर रुसली. या वेळी तसं नाही. वयाप्रमाणे, प्रकृतीप्रमाणे, न्यायाने. तक्ता करणार!

बुधवार, ४

हे फक्त इथे लिहितेय. घरी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या लांबच्या शाळेने मला घेतलं! दोन वर्षं. शिकवायचं, आणि शिकवता शिकवता शिकायचं. राहायला खोली देतात. त्या शाळेत सहा महिन्यांच्या वर कोणी टिकलेलं नाही, असं त्यांनीच पत्रात कबूल केलंय. अशीच शाळा मला हवी होती. पत्र चार वेळा वाचलं. वीस तारखेच्या आत होय की नाही ते कळवायचं.

'नाही' असंच कळवावं लागणार. आजीला पिवळी गोळी आणि पांढरी गोळी एकच. बाबा कुठलाही अर्ज न वाचता सही ठोकतात. भिंगरीला मी समोर बसल्याशिवाय भागाकार येत नाही. आणि आई सकाळपासून शिलाई मशीनवर. तिने कधी आणि काय काय बघायचं? शाळेला दुसरी कोणीतरी मिळेल. या घराला दुसरी कुठून मिळणार?

पत्र पदवीच्या फाइलीत ठेवलंय, प्रमाणपत्राच्या मागे. तिथे कोण बघतंय!

गुरुवार, ५

प्रश्नावली केली. वय, उंची, चक्कर येते का, भीती किती — एक ते दहा.

आजी: "भीती? कोणाची?" आजी, राइडची. "मी चार पोरं वाढवली. त्यातला एक तुझा बाप." बरं, पण आकडा सांग ना! "लिही तुला हवा तो." बहात्तर वय. मी आठ लिहिले.

बाबा: "शून्य!" छाती पुढे काढून. "दिवसभर फोर्कलिफ्ट चालवतो मी. वर-खाली करणं हाच आपला धंदा."

भिंगरी (माझी धाकटी बहीण, वय नऊ, खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत): "अकरा!" अगं, दहापर्यंतच आहे. आणि अकरा म्हणजे खूप घाबरतेस. "मग उणे अकरा!" हे मात्र मी शिकवलेलं आहे.

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. हातानेच 'नंतर' म्हणाली.

शनिवार, ७

आज वाईट झालं.

पासाबरोबर एक माहितीपत्रक आहे. त्यात सगळ्यात मोठी रोलर कोस्टर 'उलटा डोंगर'. भिंगरीने तिचं चित्र कापून उशीखाली ठेवलंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की उंची किमान एकशे तीस सेंटीमीटर हवी. बारीक अक्षरातलं वाचायची सवय घरात मलाच.

मशीनवरची आईची टेप घेतली, भिंगरीला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली. एकशे साडेसत्तावीस. पुन्हा मोजली. एकशे साडेसत्तावीस. टाचा उचलल्या तर चालेल का, म्हणाली. नाही चालणार, म्हटलं.

ती नुसती चौकटीवरच्या रेघेकडे बघत राहिली. भिंगरी गप्प बसली की घर कसंतरीच वाटतं.

आजी म्हणाली, "त्यात काय? बुटात वर्तमानपत्र कोंब." मी नियम, सुरक्षा आणि प्रामाणिकपणा यावर जरा बोलले. आजी म्हणाली, "झालं का भाषण? मग वर्तमानपत्र आण."

मी आणलं नाही!

रविवार, ८

भिंगरी दाराच्या चौकटीला लोंबकळतेय. कालपासून.

सोमवार, ९

तक्ता पूर्ण. रंगीत पेनांनी केला.

आजी — झुकझुक गाडी (तीन फेऱ्या, सावलीतल्या). भिंगरी — घोड्यांचं चक्र, पाण्याची घसरगुंडी. बाबा — उलटा डोंगर. मी — उलटा डोंगर, बाबांना सोबत. आई — सामान.

'सामान' लिहिताना पेन जरा अडखळलं. पण पाच जणांचं सामान कोणीतरी धरायला हवंच, आणि आईला पाय सोडून बसायला मिळेल. विश्रांतीच की ती. तिला विचारलं, चालेल ना? टाचण्या तोंडात. मान हलली. हो म्हणून हलली असावी.

दुपारी आईकडे एक गिऱ्हाईक आलं, शेजारच्या इमारतीतली नर्स. मला म्हणाली, "इतिहासात एवढे मार्क? कमाल आहे हो तुमची!" हिला कसं कळलं? बाबाच! बसस्टॉपवर उभं राहून सांगत असणार. लाज आणली नुसती.

बुधवार, ११

भिंगरीला आज तीनदा मोजलं. जेवणाआधी, जेवणानंतर, लोंबकळल्यानंतर. साडेसत्तावीस.

"ताई, मी वाढायची थांबले का गं?" म्हणाली. वाढशील गं, म्हणणार होते. पण खोटी आशा दाखवणं बरं नव्हे.

शाळेला नकाराचं पत्र लिहून काढलं. 'घरच्या जबाबदाऱ्यांमुळे.' चांगलं उतरलंय. तरी पाकिटात घालायला अर्धा तास लागला.

शनिवार, १४

तक्त्याच्या पाच प्रती केल्या. प्रत्येकाच्या खिशात एक. बाबा आज कमी जेवले. उत्साहाने असेल.

रविवार, १५

कुठून सुरुवात करू!

दहाला आत शिरलो. आजीला झुकझुक गाडीत बसवलं. पुढे-मागे सगळी चार वर्षांची मुलं आणि मध्ये आजी. इंजिनावर हत्तीचं तोंड. गाडी सुटताना तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. "फेऱ्या संपल्या की इथेच थांब हं आजी," म्हटलं आणि आम्ही चौघं उलट्या डोंगराकडे गेलो. भिंगरीला निदान बघायचं तरी होतं.

फाटकापाशी लाकडाचा जिराफ. त्याच्या मानेवर लाल रेघ. तिथली बाई प्रत्येक मुलाला जिराफापाशी उभं करत होती. भिंगरी मान खाली घालून बाजूला सरकली, तर बाईनेच तिला ओढलं. "ये गं, लाजतेस काय?" पाठ टेकवली. आणि लाल रेघ डोक्याच्या वर नाही, खाली! "बसते. चला पुढे."

आणि मी काय केलं असेल? मी म्हटलं, "नाही हो, ती एकशे साडेसत्तावीस आहे. मी स्वतः मोजलंय. पाच वेळा."

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, तुम्ही हिच्या बाजूच्या की जिराफाच्या?"

मागची रांग हसली. मी तक्ता काढून दाखवला! (आता लिहितानासुद्धा कान तापतायत.) तेवढ्यात मागून आईने विचारलं, "कुठल्या टेपने मोजलंस?"

"तुझ्या. मशीनवरच्या."

आई हसायला लागली. पोट धरून. "अगं वेडे, ती टेप ताणलेली आहे! वीस वर्षं ओढतेय मी तिला. टेप लांबली की माणूस आखूड भरतो."

"मग तू कपडे कशी शिवतेस?"

"दोन बोटं धरून चालते. हाताला माहीत आहे. नवी घेतली तर मीच चुकेन."

भिंगरीने जिराफाचा मुका घेतला.

म्हणजे आता बाबा, मी आणि भिंगरी. रांग पुढे सरकली. वर गाडी उलटी झाली, माणसं किंचाळली, कोणाची तरी टोपी खाली पडली. बाबांनी टोपीकडे पाहिलं. "मी जरा... जाऊन येतो," म्हणाले. आणि गेले ते गेलेच! फोर्कलिफ्टवाले!

मी भिंगरीला म्हणणार होते की थांब, आपण दोघी बसू. तोवर आईने पाचही पिशव्या माझ्या गळ्यात अडकवल्या. केस घट्ट बांधले, चपला काढून माझ्या हातात दिल्या. "मी बसते हिच्याबरोबर."

"आई, पण तक्त्यात —"

"तक्त्यात मी सामान आहे. वाचलंय मी." गाडीत बसून तिने दांडा आपटून खाली ओढला. आणि वर म्हणाली, "पाच दिवस झाले वाचून."

मग मी सामान धरून बसले. खालून आईचा आवाज ओळखू येत होता. ती किंचाळत नव्हती, हसत होती. गाडी उलटी झाली तेव्हा तिचे दोन्ही हात वर होते. मी दांडा धर, दांडा धर म्हणून ओरडत होते. ऐकतंय कोण! खाली आल्यावर दोघी पुन्हा रांगेत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आजीला आणायला गेले. आजी नाही! झुकझुक गाडीवाला म्हणाला, "त्या आजी? पहिल्या फेरीलाच उतरल्या. म्हणाल्या, ही गाडी तर मी पायीसुद्धा मागे टाकीन." आणि बोट दाखवलं.

डॅशिंग कार. आजी लाल गाडीत, चष्मा दोरीने बांधलेला. समोर निळ्या गाडीत बाबा, तिचा घाबरून पळालेला मुलगा. आणि आजी त्यांना कोपऱ्यात गाठून धडका मारतेय! "लहानपणी! ऐकलं नाहीस! घे!" दर शब्दाला एक धडक. बाबा इतके हसत होते की त्यांना गाडी मागे घेता येईना. आजीची ती चौथी फेरी. मधल्या वेळात पाणी पिऊन, पिवळी गोळी घेऊन झाली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, पिवळीच घेतलीस कशावरून? "पिवळी गोल, पांढरी लांब. तुला मी विचारते कारण विचारलं की तुला बरं वाटतं."

संध्याकाळी गवतावर बसलो. भिंगरीचा आवाज बसलाय. आजीने माझ्या तक्त्याचा कागद घडी करून बसायला घेतला.

तू कशात बसलीस, असं बाबांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं. मी कशातच बसले नाही.

सोमवार, १६

घरात सगळे दुखरं अंग धरून हिंडतायत आणि हसतायत. बाबा कबूल झाले: "शिडीच्या चौथ्या पायरीवर मला गरगरतं. पण तू एवढा तक्ता केलास, म्हटलं कशाला खोडा?"

बसून विचार केला. भीतीचे आकडे मीच भरले होते. आजीचे, आईचे. बाबांनी सांगितला तो शून्य मी तपासला नाही. आणि भिंगरी वाढायची थांबली नव्हती, मी टेप तपासली नव्हती.

भिंगरी एकटी भागाकार करत होती. दोन बरोबर, एक चूक. चुकलेला तिनेच शोधला.

आणि तरी नकाराचं पाकीट पिशवीत आहे. चूक कळली म्हणजे धीर येतो असं नाही.

बुधवार, १८

पाकीट टाकायला निघाले होते. दारात आईने हाक मारली, "जरा हे धर." नव्या कापडाचे दोन पडदे. आमच्या खिडक्यांना तर आहेत, म्हटलं. कोणाचे हे?

"तुझे. तिकडच्या खोलीला दोन खिडक्या आहेत असं पत्रात लिहिलंय ना?"

"पत्र? तू फाइल कधी —"

"अगं, ती फाइल मी रोजच काढते. गिऱ्हाइकांना दाखवायला." दात लावून दोरा तोडला. "खिडक्यांची मापं नाही दिली मेल्यांनी. म्हणून दोन बोटं जास्तच धरलीत."