उठलेल्याची जागा

हदगाव

दयानंद सर,
जय भीम. सप्रेम लिहवत न्हाई.

नव्या नियमानं तुमची अध्यक्षपदाची मुदत संपली, तवा हदगावात मीच पेढे वाटले. वाटलं, खो-खो महासंघ आता खेळाडूंचा होणार. आन् काल तुम्ही काय केलं? सचिव मेहुण्याला उठवून अध्यक्ष केलं, आन् त्याच्या खुर्चीत सचिव म्हणून बसलात! खो दिला की उठलेल्याच्या जागी बसायचं, हे तुम्हीच शिकवलं मला. पण सर, तो खो गडी बाद करायला असतो, खुर्ची धरून ठेवायला न्हाई.

कमिटीत खेळाडूसाठी राखलेली जागा बी सूनबाईला! तिच्या पायाला मैदानाची माती तरी लागली का कधी?

हे पत्र धाडणार न्हाई. सोमवारी लातूरला माझ्या पोरीची निवड चाचणी हाय, आन् निवडणारे बी तुम्हीच.

अजून खोची वाट बघत बसलेली,
लुंबिनी