कांचनचा झोपाळा आणि तीन फ्लॉप्या

पार्सिपनी, न्यू जर्सी
१५ मार्च १९८७

ती. नाना यांच्या चरणी
जावई उल्हासचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? सांगलीतला उन्हाळा त्याला मानवतो असं वहिनींनी लिहिलं होतं. आम्ही मजेत आहोत. तुमच्या लेकीची प्रकृती उत्तम, डॉक्टर खूश, आणि भूक माझ्या दुप्पट. (हे वाक्य तिला दाखवलेलं नाही.)

तर झालं असं, की कांचनला मे महिन्यातलं डोहाळजेवण झोपाळ्यावरच हवं आहे. इथल्या मंडळातल्या बायका फुलं लावलेल्या खुर्चीवर भागवतात, पण आईंनी वहिनींना झोपाळ्यावर बसवलं होतं, आई असत्या तर हिलाही बसवलं असतं, असं ती म्हणाली. मी मुकाट्याने जाड फळी आणली, साखळ्या आणल्या. झोपाळा टांगायचा तळघरात, तेव्हा प्रश्न उरला तिथल्या तुळईचा. तिला हे सगळं पेलेल का? मी केमिकल इंजिनियर, त्यातून शांपूच्या कंपनीत, म्हणजे तुमच्यासारख्या पूल बांधणाऱ्याच्या लेखी इंजिनियर नाहीच. पण घरात नवाकोरा कॉम्प्युटर आहे. म्हटलं, तुळईपुरता एखादा साधा प्रोग्रॅम घ्यावा आणि मोकळं व्हावं.

साधा! पहिली फ्लॉपी शेजारच्या गिरीशने आणून दिली (तो मोठमोठ्या इमारतींची डिझाइन्स करतो आणि तेवढ्याच उंचीवरून आपल्याशी बोलतो). तिने मला मजले विचारले, वारा विचारला, बर्फ विचारला, भूकंपाचीही चौकशी केली. मी सगळं प्रामाणिकपणे भरलं, तर शेवटी म्हणते, मेमरी पुरत नाही. गिरीश म्हणाला, "अरे यार, टॉवरचं सॉफ्टवेअर झोपाळ्याला कशाला लावतोस?" दिलं कुणी होतं?

दुसरी फ्लॉपी मासिकातली जाहिरात पाहून टपालाने मागवली. ही तुळईपुरतीच होती. तिने विचारलं, टोकांना आधार कसला, बिजागरी आहे की रोलर? मी टॉर्च घेऊन तळघरात गेलो, शिडीवर चढलो, दोन्ही टोकं निरखली. बिजागरी नाही, चाकंही नाहीत. खोटं कशाला लिहा, म्हणून दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. त्यावरून प्रोग्रॅमची समजूत झाली की आमची तुळई हवेत तरंगते आहे, आणि त्याने ती कोसळणार असं जाहीर केलं. कांचन इतकी हसली की डॉक्टरांना फोन करावा लागतो की काय, असं मला वाटलं.

तिसरी फ्लॉपी खरंच गरीब स्वभावाची निघाली. लांबी, लाकूड, वजन, बस्स. कांचन वजन सांगेना, म्हणून मी अंदाजाने एकशे साठ टाकलं. उत्तर आलं, तुळई मोडणार. ते नेमकं तिने माझ्याआधी वाचलं. मग घरात जो अबोला झाला, तो गिरीशने येऊन सोडवला. हा प्रोग्रॅम वजन हजार पौंडांत मोजतो. मी झोपाळ्यावर हत्तींचा कळप बसवला होता. आकडा सुधारला. तेवढ्यात मंडळाच्या मृणालिनीकाकूंचा फोन, की फोटोसाठी प्रत्येक सवाष्ण पोरासकट हिच्या शेजारी बसणार. त्यांचंही वजन घातलं. तरी उत्तर ओके!

मी विजयी मुद्रेने ते कांचनला दाखवलं. ती म्हणाली, "ओके काय ओके? पुलाची टेस्ट असली की नाना स्वतः पुलाखाली उभे राहायचे. तुझा कॉम्प्युटर झोपाळ्याखाली बसणार आहे का?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि हे पत्र लिहायला बसलो.

वहिनींना नमस्कार, लहानांना पापे. गुडघ्याला जपा.

तुमचा,
उल्हास

ता. क. तुळईची मापं मागच्या बाजूला लिहिली आहेत. सवड झाली तर तुमच्या पद्धतीने हाताने गणित करून पाहा.

ता. क. २. खरं म्हणजे नाही केलंत तरी चालेल. तुळई भक्कम आहे. गिरीशने स्वतः तपासली, मी रोज लोंबकळून पाहतो. तरी कांचन फळीवर बसत नाही. "बायकांच्या कार्यक्रमात मी म्हातारा येऊन काय करू?" असं तुम्ही लिहिलं होतंत. नाना, आई गेल्यापासून तिला तुमची फार आठवण येते. व्हिसाचे कागद सोबत आहेत. तुळई तपासायला म्हणून या.

ता. क. ३. नाना, मी कांचन. यांनी लपवलेलं सगळं वाचलं. माझं वजन एकशे साठ मुळीच नाही. खरं किती ते तुम्ही आलात की तुमच्या कानात सांगेन. गणिताला लागेल ना?