सातूच्या व्यवसायातला मुलगा

२९ नोव्हेंबर २००९, रविवार
हर्षालीचा पुण्याहून फोन. लग्न ठरवलंय. म्हणजे तिचं तिनंच. ललित यादव, मूळ सिन्नरचा, केमिकल इंजिनीअर. मी विचारलं, कुठल्या कंपनीत? म्हणाली, पुण्यात एक नवीन जागा निघाली आहे, तिथे बिअर तिथल्या तिथे बनवून ताजी देतात. ती हा बनवतो. मी म्हटलं, अरे वा. आवाज जराही हलला नाही. कॉन्व्हेंटमध्ये वाढल्याचा हा फायदा.
वीस तारखेला त्याला घेऊन येणार. तोपर्यंत चौकशी करायची नाही, शपथ घे म्हणाली. दोन वर्षांपूर्वीचं अजून मनातून गेलेलं नाही. त्या जळगावच्या स्थळाची मी अगदी साधी चौकशी केली होती, शेजारी, ऑफिस, दूधवाला आणि फॅमिली डॉक्टर. त्या लोकांनी अपमान मानला आणि साखरपुड्याच्या आठवडाभर आधी नकार कळवला. पोरगी महिनाभर जेवली नव्हती.
शपथ घेतली. मी मोकळ्या मनाची बाई आहे. चौकशी कशाला?

३० नोव्हेंबर
देवळ्याला भाऊजींना फोन. हे गेल्यापासून घरातलं मोठं माणूस म्हणजे हे धाकटे दीरच. कांद्याचे व्यापारी, चार लोकांत उठबस. मुलगा काय करतो, त्यांनी विचारलं. तोंडातून निघालं, सातूच्या व्यवसायात आहे.
खोटं नाही. बिअर सातूचीच असते, डिक्शनरीत पाहिलं. भाऊजी म्हणाले, सातूच्या पिठाला हल्ली चांगला उठाव आहे, डायबेटिसवाले खातात.
फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते. थंडीमुळे असेल.

३ डिसेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला गुरुवार. लक्ष्मीचा कलश मांडला, पोथी वाचली. वाचता वाचता स्पष्ट झालं की चौकशी वेगळी आणि बघणं वेगळं. चौकशी म्हणजे इतरांना विचारणं. मी कुणालाही विचारणार नाही. गिऱ्हाईक म्हणून जाईन, एक ग्लास घेईन, परत येईन. होणाऱ्या जावयाचं काम समजून घेणं हे आईचं कर्तव्यच. त्याच्याशी बोलायचं नाही. हर्षालीला सांगायचं नाही, उगाच काळजी करेल.
अशा जागी एकटी बाई बरी दिसत नाही. जावेला, भाऊजींच्या सुलाला, नेते. तिला सांगितलंय, साड्यांचं प्रदर्शन.

७ डिसेंबर
सायबर कॅफेत जाऊन त्या जागेचा मेनू काढला. कॅफेवाल्या केरूला सांगितलं, केकची रेसिपी शोधतेय. तो पाठीशी उभा राहून मदत करायला लागला तेव्हा पंधरा मिनिटं खरंच केकच्या रेसिप्या पाहिल्या.
तिथलं खाणं भयंकर महाग. शिवाय सगळं चिकन आणि मासे, आणि मार्गशीर्ष संपेपर्यंत आमच्याकडे ते बंद. ठरलं. बाहेर स्वस्तात पोटभर जेवायचं, आत दोघींत एकच ग्लास. अडचणीला म्हणून थोड्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. फक्त प्रवासापुरत्या.

१२ डिसेंबर, शनिवार. सकाळी ८, सिन्नर स्टँड
बस दहा मिनिटं थांबली आहे. इथली माणसं बघून घेतली. साधी, नीटनेटकी. ही चौकशी नव्हे, खिडकीतून दिसतात.
सुलाला खरं सांगून टाकलं. तिला धक्का बसला नाही, त्यामुळे मलाच जरा बसला. तिनं एवढंच विचारलं की बिअर शाकाहारी असते का. मी म्हटलं, सातूची असते. मग उपासालाही चालत असेल, म्हणाली, आणि झोपली.

दुपारी ३
पुण्यात स्वस्त जेवण मिळत नाही असं नाही, आपल्याला मिळत नाही. पहिल्या खानावळीचं जेवण संपलेलं. दुसरीत फक्त मेंबर. तिसरीत मिसळ मिळाली. सुला मालकाला ऐकू जाईल अशी म्हणाली की ही गोड आहे, पंचवटीत असली कुणी ताटाला लावणार नाही. अर्धवट पोटी उठलो.
रिक्षावाल्याला त्या जागेचं नाव सांगवेना. मी जवळच्या मॉलचं सांगितलं. मॉलच्या दारात वॉचमनला विचारलं, इथे मागे काय काय आहे? तो म्हणाला, जिम आहे, बँक आहे, बिअरवाला आहे. मी म्हटलं, बँकेत जायचंय. शनिवारी दुपारी बँक बंद असते, हे त्यानं अदबीनं सांगितलं.

संध्याकाळी ७, लॉजवर
एकंदरीत दिवस यशस्वी. नीट लिहून ठेवते.
जागा स्वच्छ, चर्चसारखी उंच. काचेमागे तांब्याच्या मोठाल्या टाक्या, अगदी आपल्या अंघोळीच्या बंबासारख्या. सुलानं वेटरला विचारलं, पाणी तापवायला का? आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीची मुलं. मी पदर सारखा करत टेबलाच्या कोपऱ्यात बसले. गव्हाची एक मागवली. गढूळ, सोनेरी, वास मात्र केळ्याचा आणि लवंगेचा. सुलानं एक घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाली, "ताई, हाई तं शिकरण शे." आणि ग्लास परत दिला नाही. दुसरा मागवावा लागला.
पोटात काही नव्हतं, आणि मेनूत आम्हाला चालणारे फक्त तळलेले बटाटे. म्हणून मांडीवर डबा उघडला. हॉस्टेलमध्ये सिस्टर बेनेडिक्टांच्या डोळ्यांदेखत आम्ही मुली प्रेअरला लाडू खायचो, हाताला सवय आहे. पण सुलानं दशमी सरळ टेबलावर ठेवली आणि वेटरकडे कांदा मागितला. तो म्हणाला, मॅडम, बाहेरचं खाणं अलाउड नाही. बाजूची मुलं बघायला लागली. मला टेबलाखाली जावंसं वाटलं.
तेवढ्यात आतून एक मुलगा आला. गमबूट, बाह्या दुमडलेल्या. वेटरला म्हणाला, राहू दे, कांदा आण. वेटर म्हणाला, ओके ललित सर. तोच हा. खुर्ची ओढून बसला आणि विचारलं, काकू, एक घेऊ का? दोन दशम्या खाल्ल्या. त्याची आई पण दूध घालूनच मळते म्हणाला. कुठून आलात, विचारलं. मी म्हटलं, मिसेस प्रधान, कोल्हापूर. त्याच वेळी सुला म्हणाली, देवळा. मी सावरून घेतलं, ही मैत्रीण, पत्रमैत्रीण. त्याला पटलं. मी इंग्रजीत थोडं हवामानावर बोलले.
नंतर त्यानं सहज विचारलं, "काकू, तुमची मुलगी असती, तर माझ्यासारख्याला दिली असती का?"
काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. दुसऱ्या ग्लासमधलं अर्धं माझंच होतं. काहीतरी रीतीचं बोलले असेन. तो हसला, उठला, आम्हाला रिक्षात बसवून दिलं. मुलगा चांगला आहे. त्यानं ओळखलं नाही.

१३ डिसेंबर
परत. हर्षालीचा फोन, फार खुशीत होती. काल काय केलं, विचारलं. मी म्हटलं, घरीच होते, पडदे धुतले. ती म्हणाली, सगळे? मग म्हणाली, बरं.
म्हणजे कळलेलं नाही.
उत्तर आठवलं. भांडी घासताना. मी त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाले होते, "तुम्ही गोड आहात हो, पण जावई काय करतो असं चारचौघांत कुणी विचारलं, तर मी तोंड कुठे लपवू?" त्यानंच मागवलेल्या कांद्याशी चटणी संपवत.
पण हे मिसेस प्रधान म्हणाल्या. मी वेगळी.

१६ डिसेंबर
झोप लागत नाही. ठरवलंय. वीस तारखेला भाऊजी, सुला, सगळे असतील. मी स्वतःहून, ताठ मानेनं सांगणार, माझे जावई बिअर बनवतात. म्हणजे मागचं सगळं फिटलं. सराव म्हणून आज मोठ्यानं म्हटलं, कुकरच्या शिट्टीबरोबर. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत शिट्टी संपली होती आणि भाजीवाल्या चिमणाबाई दारात उभ्या. मी म्हटलं, गाणं म्हणतेय.

२० डिसेंबर, रविवार
सकाळी: चष्म्याची जुनी फ्रेम घातली. वेगळी दिसते. पुरणाचा स्वयंपाक. वाक्य तयार आहे.

संध्याकाळी: लिहायला नको वाटतंय.
ललित आला, वाकून नमस्कार केला, जणू पहिल्यांदाच भेटतोय. मला वाटलं, फ्रेमचा उपयोग झाला. जेवणं छान झाली. हर्षाली इतकी हसत होती, लहानपणी गॅदरिंगच्या दिवशी हसायची तशी. मग भाऊजी लोडाला टेकून म्हणाले, हं ललितराव, तुमचं सातूचं काम कसं काय चाललंय?
ललितनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम थांबला. मला जागा करून दिली त्यानं, बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला देतात तशी. हर्षालीही माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, पीठ वगैरे. हेल्थ फूड.
सुला म्हणाली, कुठलं पीठ? बिअर करतो तो, मी पिऊन आले, ताईंनी दीड गिलास पिला. सगळे हसले. भाऊजींना राग आला तो एवढ्याचाच, की त्यांना कुणी नेलं नाही. मग त्यांनी विचारलं, कांद्याची होते का, यंदा माल पडून आहे. ललितनं खरोखर विचार केला आणि म्हणाला, होईल, पण कुणी पिणार नाही. पुन्हा हसले. लाज कुणाच्याच तोंडावर नव्हती. मी एकटीच ताटं उचलत होते.
हर्षाली मागोमाग स्वयंपाकघरात आली. ओरडली नाही. म्हणाली, "आई, त्यानं तुला दारातच ओळखलं होतं. माझ्या मोबाईलवर तुझा फोटो आहे. शपथ मोडलीस तरी मला आनंद झाला होता, की तू त्याचं काम बघायला गेलीस. त्यानं लगेच मला फोन केला, मीच त्याला सांगितलं, विचार तिला, माझी आई हो म्हणेल."
मी म्हटलं, मग त्यानं काय सांगितलं तुला?
"काही नाही. म्हणाला, दशम्या छान होत्या. तू काय म्हणाली असशील, ते मला आत्ता बाहेर कळलं."
सहाच्या गाडीनं गेले. पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या. डबा ओट्यावरच राहिला आहे.

२४ डिसेंबर
चार दिवस हर्षालीचा फोन नाही. मी केला तर मीटिंगमध्ये असते.
आज भाऊजींचा आला. ललितच्या वडिलांनी त्यांनाच फोन केला होता, सगळं बोलणं त्यांच्यातच झालं. बावीस जानेवारी, पुण्यात नोंदणी पद्धतीनं. जेवण त्याच जागी. भाऊजी देवळ्याहून दोन जीप करून माणसं नेणार आहेत. सुलानं कुणाला किती ग्लास द्यायचे तेही ठरवलंय. आवाजात नुसता उत्साह.
मी विचारलं, आणि मी काय करू? मानपान, रुखवत, निदान फराळाचं तरी.
ते म्हणाले, "काही नाही, वहिनी. हर्षाली म्हणाली, तुम्ही फक्त या."