रन, सेट आणि फोरमनची खुर्ची

३ जून, सकाळ
देवाला हात जोडले. आजपासून इंग्रजी. बाइंडिंगखान्यातले फोरमन महिनाअखेर निवृत्त होणार. पुढचा कोण, ते मालक ठरवतील. अट एकच, बाहेरगावच्या ग्राहकांशी फोनवर इंग्रजीत बोलता आलं पाहिजे. स्पर्धेत मी आणि कटिंग मशीनवरचा चष्म्या. त्याला इंग्रजी येत नाही. मलाही येत नाही, पण मी विचारी आहे.

४ जून
सध्या इंग्रजी शब्दकोशाचंच काम आलंय, हा योगायोग नव्हे. छापील पानांच्या घड्या, म्हणजे फॉर्मे, क्रमाने लावायचे आणि शिवायचे. लावताना दिसलं की 'रन' आणि 'सेट' यांनी पानंच्या पानं व्यापली आहेत. म्हणजे हे दोन शब्द पचवले की अर्धी भाषा आली. शाळेत कुणी सांगितलं नाही. टेबलावर एक गठ्ठा वेगळा पडला होता, त्यातले ते दोन फॉर्मे घरी आणले. जास्तीचेच असणार.

७ जून
तुलना सुरू. नाक रन होतं, कापडाचा रंग रन होतो, दुकानसुद्धा रन करायचं. सेट मात्र बसणारा. सूर्य सेट, पुस्तकाच्या पाठीला लावलेला सरस सेट, मोडलेलं हाड सेट. रन म्हणजे संसार, सेट म्हणजे परमेश्वर. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, स्वयंपाकघरातला नळ गळतोय, आधी तो परमेश्वर करा.

१२ जून
आज बोलायचा सराव करणार होतो. पण 'रन'चे थोडे अर्थ राहिलेत आणि पाया कच्चा नको. मुलगी म्हणाली, बाबा, निदान फोन उचलून काय म्हणायचं ते तरी शिका. म्हटलं, ते ओघात येईल. नळ उद्या.

१९ जून
चष्म्या जेवणाच्या सुट्टीत काहीतरी पुटपुटत होता. विचारलं तर म्हणाला, भाऊ, चार शब्द पाठ करतोय. वाईट वाटलं. चार शब्दांवर कुणी फोरमन होतं का? प्रार्थनेत त्याचंही नाव घेतलं.

२६ जून, दुपार
नमुन्याची प्रत ग्राहकाकडे गेली होती. त्यांचा फोन आला, मधली पानंच नाहीत. मालकांनी फोन स्पीकरवर टाकला, मला पुढे केलं. म्हणाले, कोणती पानं ते विचारून घ्या. पलीकडच्या बाई भराभर बोलल्या. त्यात एकदम 'रन' ऐकू आलं. मग 'सेट'. देव पावला. दोन्हींचे सगळे अर्थ, क्रमाने, उदाहरणांसकट, न अडखळता म्हणून दाखवले. पलीकडे शांतता. इकडेही. बहुधा भारावले असावेत. मग चष्म्या फोनपाशी वाकून म्हणाला, येस मॅडम, सॉरी मॅडम, टुमॉरो, ओके. बाई हसल्या. फोन ठेवून मालकांनी मला हळूच विचारलं, घरी कुठे ठेवलीत पानं?

२७ जून
बायकोने ती फडताळात अंथरली होती. पानांवर डब्यांचे गोल डाग. ग्राहकासाठी नवी प्रत शिवली. ती पोचवून माणूस जुनी घेऊन आला. डागांची पानं घालून तीही शिवली, ती मालकांनी मलाच दिली. रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

३० जून
चष्म्या फोरमन झाला. खुर्चीत बसण्याआधी म्हणाला, भाऊ, मनात काही ठेवू नका. नाही म्हटलं. दिवसभर फोनवर त्याचं ओके, ओके चाललं होतं. मालक म्हणाले, छान बोलतो.

घरी येऊन नळ दुरुस्त केला. मग माझ्या शब्दकोशात 'ओके' काढून पाहिला.

दीड ओळ.