तळपायाचा लेप

९ नोव्हेंबर

वही आणून महिना होत आला. रोज म्हणते उद्या लिहू. आज पाऊस आहे, औषधांचं गोदाम बंद, आणि या घरातून पळून जायला जागा नाही — म्हणून बसले.

आई वसंतात वारली तेव्हा मी जी आले, ती अजून इथेच. आता शेवंतीसुद्धा खुडून झाली. इतके दिवस एका जागी मी शाळेतही टिकले नव्हते. मैत्रीण युनश्याचा ताली शहरातून सारखा निरोप — लॉजवर तुझी कामाची जागा धरून ठेवलीय, येतेस की दुसरी बघू? येते म्हटलंय. बाबांना एकदा झोप लागू लागली की लगेच.

बाबा झोपत नाहीत. आणि झोपेची औषधं सगळ्या गावाला हेच देतात! पोटात घ्यायचं काही नाही, सगळं बाहेरून. रानदवण्याच्या काढ्यात पाय शेकायचे, तळपायाला लेप, डोक्याखाली औषधी उशी. लोक लांबून येतात. हे तांबारलेल्या डोळ्यांनी पुड्या बांधून देतात.

गेल्या आठवड्यात शिडीवरून पडले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, रक्तदाब हा असा, त्यात झोप नाही — पुढच्या वेळी पडायला शिडी लागायची नाही. गोळ्या दिल्या. त्या खुराड्यामागे सापडल्या. कोंबड्यांनीही खाल्ल्या नव्हत्या.

१० नोव्हेंबर

गोळी नको तर नको. त्यांचंच औषध त्यांना देणार. वैद्याने स्वतःचं औषध स्वतः करू नये म्हणतात, मग मी करते. मला येतं काय? लहानपणी बघितलंय तेवढं.

रानदवण्याचा जुना पाला घेतला, नवा पायाला फार झोंबतो. लाकडी बादलीत काढा ओतला. बाबा पाय बुडवून बसले, भिंतीकडे बघत. त्यांच्या पायाची नखं किती वाढलीत. आई कापायची.

मधेच बाहेर बदकवाला आला. सायकलला दोन्हीकडे टोपल्या, सगळी बदकं एकाच दिशेला माना काढून. मी त्याच्या मागे पार पुलापर्यंत गेले. परत येते तो काढा गार, बाबा तसेच पाय बुडवून. "मिळालं का बदक?" म्हणाले. घ्यायचं नव्हतंच.

१२ नोव्हेंबर

झोप यावी म्हणून बाबांच्या कानाला बिया लावल्या. मोहरीएवढं काळं बी, चौकोनी चिकटपट्टीत, कानाच्या पाळीवर ठरलेल्या जागी. मग येता-जाता दाबायचं. बाबा स्वतः दाबत नाहीत, म्हणून मीच दाबते. लहानपणी शाळा बुडवली की हाच माणूस माझा कान पिळायचा. आता यांचा माझ्या चिमटीत.

"हळू. सूड उगवतेस काय?"

"व्याजासकट."

हसले नाहीत, पण कान बाजूलाही घेतला नाही.

तिएन काकू उशी न्यायला आली होती. "काय गं भिंगरी, अजून इथेच? पायात खिळा ठोकला का कुणी?"

"बाबा झोपले की निघते."

"मग तुझं लग्न आमच्याच गावात होणार बघ," म्हणाली आणि उशीचा वास घेत गेली.

१३ नोव्हेंबर

आज सूप करताना कमळकंद चिरत होते आणि आईच्या अंत्यविधीनंतरच्या पंगतीचं सगळं डोळ्यांपुढे आलं.

मुख्य जागेवर मामा. बाई गेली की माहेरचा माणूस तिथे बसतो, त्याने जेवायच्या काड्या उचलल्याशिवाय कुणी घास घेत नाही. त्याने काड्या हातात घेतल्या आणि विचारलं, "दाजी, माझी बहीण गेली तेव्हा तुम्ही काय करत होता?"

बाबा म्हणाले, "झोपलो होतो."

मामाने काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि उठला. डोंगरातली बस धरून गेला. माहेरचा माणूस उपाशी गेला. मागे सगळी पंगत खाली बघत बसली, सुपावर चरबी गोठली. त्यानंतर ना फोन, ना निरोप. आणि बाबांनी सूप खायचं सोडलं.

१४ नोव्हेंबर

काही फरक नाही.

१५ नोव्हेंबर

नवी उशी भरली. कुट्टूची टरफलं, टाकळ्याचं बी, वर यंदाची शेवंती. टाकळ्याचं बी हाताखालून सरकतं तो आवाज मला फार आवडतो, वाळूवरून कुणी चालल्यासारखा. तळपायाला लेपही लावला — ती बारकी तिखट वासाची फळं कुटून तांदळाच्या व्हिनेगरमध्ये कालवली, वरून फडकं, वरून मोजे. इतका चांगला लेप मी जन्मात केला नव्हता.

युनश्या म्हणते महिनाअखेरपर्यंतच थांबेल.

१७ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटतंय. पण लिहिते.

झाडताना बाबांचं स्टूल उचललं. खालच्या बाजूला कानाच्या बिया. रोज ‘पडल्या’ म्हणायचे म्हणून मी नव्या लावायचे, त्या सगळ्या. ओळीने चिकटवलेल्या. मग नळापाशी जाऊन बघितलं तर दगडामागे लेपाचे गोळे. रोज खरवडून टाकतायत.

"बाबा, हे काय?"

"टोचतात."

"आणि लेप?"

"जळजळतो."

"गावाला देता तेव्हा नाही जळजळत? मी इथे कुणासाठी अडकलेय? तुम्हाला झोपायचंच नाही का?"

"नाही," म्हणाले.

 ते पुड्या बांधत राहिले. बांधता बांधताच बोलले.

"त्या दिवशी माल उतरवून माझी पाठ गेली होती. तुझ्या आईने पाय शेकून दिले. लेप लावला. नवी उशी दिली. म्हणाली, आज तुम्हाला कुणी उठवायचं नाही." दोरा तोडला. "उठलो तर ऊन आत आलेलं. ती चुलीपाशी पडलेली, गार. पातेलं पण पडलं होतं. केवढा आवाज झाला असेल. हाकही मारली असेल."

"कदाचित नसेल मारली."

"तुला काय माहीत? मला काय माहीत? तेच तर." मग म्हणाले, "लेप चांगला आहे गं. लागू पडतो. म्हणूनच नको."

 मी पुड्या मोजल्यासारखं केलं.

१८ नोव्हेंबर

दिवसभर नदीकाठी भटकले. परत आले तेव्हा बाबा दारात उभे होते. मला बघून आत गेले.

१९ नोव्हेंबर

ऊन पडलं. जेवणानंतर मी लेपाचं भांडं घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"नको म्हटलं ना."

"तुम्ही झोपा. मी जागी बसते. काही पडलं, कुणी हाक मारली, तर उठवीन."

"तू? तू कधी एका जागी बसलीस?"

"बसते म्हणतेय ना."

 बाबांनी पाय पुढे केला. आडवे झाल्यावर म्हणाले, "दार लावू नकोस. दिसशील अशी बस."

बसले. पाय आखडला. बाहेरून बदकवाला ओरडत गेला. उठले नाही. मग घोरणं ऐकू आलं. आधी वाटलं कुठेतरी गिरणी चालू झाली.

युनश्याला कळवलं, जागा दुसरीला दे. हे लिहिताना रडू येतंय आणि ते बाबांसाठी नाही, तालीसाठी आहे. असू दे.

२१ नोव्हेंबर

बाबा आत झोपलेत. उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होते, तर डोंगरातली बस थांबली आणि मामा उतरला. केस पार पांढरे. डोळे बाबांसारखेच तांबारलेले.

"दाजी कुठायत?"

मी काय सांगणार होते? "झोपलेत," म्हटलं.

उघड्या दारातून तो आत बघत उभा राहिला. मी उठवायला निघाले तर हात आडवा घातला. "राहू दे. आपणहून उठू देत." मग माझ्या शेजारी उंबऱ्यात बसला आणि विचारलं, "घरात जेवायला काही आहे?"