घुमटावरचा कळंक

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खोक्यातला कापूस जपून काढा, आत मुठीएवढा घुमट आहे. संग्रहालयासाठी आम्ही एका जुन्या चौकाची छोटी प्रतिकृती करतोय, त्यातलं हे माझं काम. घुमटाचं छप्पर तांब्याचं, शंभर वर्षं पावसात भिजून हिरवा कळंक चढलेलं दिसायला हवं. आधी गडद तपकिरी रंग दिला, कडांवर स्पंजानं तांबूस टिपला, मग निळसर हिरवा पाण्यासारखा पातळ करून सांध्यांत सोडला. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा आमच्या मोठ्या बाईंनी नाक मुरडलं. म्हणाल्या, हा कळंक नाही, बुरशी आलेला पाव आहे.

हा चौथा. वीस तारखेपर्यंत त्यांच्या पसंतीस उतरला नाही, तर नोकरी गेली म्हणून समजा. बघून बघून माझी तर नजरच मेलीय. तुम्ही चाळीस वर्षं तांबं ठोकलंत. तुमच्या तोंडून शाबासकी कधी ऐकली नाही, पण खोटंही कधी ऐकलं नाही. कळंक खोटा वाटतो का, तेवढं कळवा. वाटत असेल तर गाशा गुंडाळून घरी येते.

आईला नमस्कार. काही झालं तरी माया पातळ करू नका.

तुमची,
ठमी

७ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

आधी मला चार शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तुझं पत्र खोक्याच्या तळाशी कापसात दडलं होतं, ते आज सापडलं. घुमट मात्र परवाच हाती आला. बघतो तर काय, अंगभर कळंक! म्हटलं, तांबटाची लेक आणि वस्तू अशी ठेवते? हलका लागला, पण पत्रा पातळ असेल असं वाटलं. लिंबू-मीठ घेतलं आणि बसलो घासत. हिरवं गेलं, तपकिरी गेलं आणि खालून निघालं पांढरं प्लॅस्टिक! तुझी आई इतकी हसली की तिला ठसका लागला. आज पत्र वाचल्यावर तीच डोळ्याला पदर लावून बसलीय.

अर्धा घुमट घासून टाकला गं मी. तुझी नोकरी माझ्याच हातानं धुऊन काढली. सकाळपासून घास गिळवत नाही.

विचारलंस म्हणून उरलेला अर्धा नीट पाहिला. आडोशाला तांबं हिरवं पडत नाही, काळपटच राहतं. तू सगळीकडे सारखं हिरवं केलंयस. पाणी कुठून ओघळेल ते आधी बघत जा.

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.

तुझा अपराधी,
बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अहो, रागवू कशाला? मी विचारलं खोटा वाटतो का, आणि तुम्ही लिंबू कापून बसलात! पत्र वाचून मी कामाच्या टेबलाशीच रडले, आणि तसंच ते मोठ्या बाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, जो कळंक तांबटानं घासायला घेतला त्याला नावं ठेवणारी मी कोण? आडोशाची गोष्ट मात्र लगेच वहीत उतरवून घेतली.

पाचवा तसाच केला. आडोशाची बाजू काळपट ठेवली, हिरवा ओघळ उघड्या बाजूनं खाली आणला. काल बाईंनी नखानं हळूच टोकरून पाहिला आणि जागेवर बसवून टाकला. नोकरी शाबूत आहे, बाबा! आता पोटभर जेवा. तो घासलेला घुमट फेकून द्या.

तुमची,
ठमी

१७ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

जीव भांड्यात पडला. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, आईला विचार. प्रदर्शन उघडेल तेव्हा आम्ही दोघंही येतो. हात खिशात घालून बघीन, काळजी नको.

घुमट फेकणार नाही. दुकानात मी केलेलं पहिलं पातेलं आहे ना, त्याच्या शेजारी फळीवर ठेवलाय, अर्धा पांढरा, अर्धा हिरवा. काल फळी पुसताना तुझी आई तो विसळायला निघाली होती. मी हात लावू दिला नाही.

तुझे,
बाबा