चुकलेला ठोका

सौ. शरयूस,

इंग्लंडात वॉटफर्डला मी ठणठणीत आहे. तुझा खोकला थांबला का?

एका बेटावरच्या देशाच्या तांब्याच्या नाण्यांसाठी दोन टाकसाळींनी नमुने दिले होते. आमच्या टाकसाळीचा नापास झाला. दुसरा हातात घेतला, तर काठावर आपल्या देवघरातल्या तांब्यावरचीच ठोक्यांची नक्षी.

आमच्या नमुन्यासाठी हेच चित्र मी काढलं, तेव्हा “काका, फार गावठी दिसतंय,” म्हणून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या संजयने बाजूला ठेवलं होतं. आता तो त्या दुसऱ्या टाकसाळीतच नोकरीला चाललाय. वीस वर्षं एका डब्यातलं खाल्लं गं आम्ही.

तांब्या घडवताना तुझ्या बाबांचा हात चुकून जिथे दोन ठोके एकमेकांवर पडलेत, तेही त्याने माझ्या चित्रातून तसेच उतरवलेत. चुकीलाच नक्षी समजला. 

तांब्या चिंचेने घासून ठेव. आल्यावर त्या जागेवरून बोट फिरवायचंय.

तुझाच,
रघुवीर